अर्धा इंच म्हणजे नक्की किती? नळजोडणीबद्दल वाचकांचे प्रश्न

नळ बसवणं हे दहा मिनिटांचं काम. पण चुकीचं फिटिंग आणलं की त्याच कामाला दोन दिवस आणि कधीकधी एक फरशी लागते. नळजोडणीबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी वारंवार विचारले जाणारे काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : नव्या नळाच्या खोक्यावर ‘अर्धा इंच’ छापलंय. आट्यांची जाडी मोजली तर २१ मिमी भरते. नमुना दाखवला तर दुकानात ‘हा १५ चा’ म्हणाले आणि आमच्या भिंतीतल्या पाइपवर २० लिहिलंय. फिटिंग आणायचं ते कुठल्या आकड्याचं?

चारही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, घोळ होतो तो त्यामुळेच. ‘अर्धा इंच’ हे माप नसून नाव आहे. जुन्या लोखंडी पाइपचं आतलं भोक साधारण अर्धा इंच असायचं, त्यावरून ते पडलं. पुढे पाइपची जाडी बदलली, भोक बदललं, बाहेरचे आटे मात्र तेच राहिले. म्हणून आजही अर्ध्या इंचाच्या बाहेरच्या आट्यांचा व्यास २०.९५ मिमी, म्हणजे ढोबळमानाने २१ मिमी असतो. पाऊण इंचाचा २६.४ आणि एक इंचाचा ३३.२ मिमी. पट्टीवर १६.५ च्या आसपास आलं तर ते तीन अष्टमांश इंच. आतले आटे मोजायचे असतील तर अर्ध्या इंचाच्या तोंडाचं भोक सुमारे १८.६ मिमी आणि पाऊण इंचाचं २४ मिमी भरतं.

१५ हा त्याच अर्ध्या इंचाचा मिलिमीटरमधला अवतार. लोखंडी (जीआय) आणि सीपीव्हीसी, यूपीव्हीसी या प्लास्टिकच्या पाइपांत १५ म्हणजे अर्धा इंच, २० म्हणजे पाऊण, २५ म्हणजे एक. ही पुन्हा नावंच. पण पीपीआर या तिसऱ्या जातीच्या प्लास्टिक पाइपवर २० लिहिलं असेल तर तो पाइपचा खराखुरा बाहेरचा व्यास असतो आणि अर्ध्या इंचाच्या नळासाठी त्याला ‘२० × अर्धा’ असं फिटिंग लागतं. सीपीव्हीसीत मात्र २० म्हणजे पाऊण इंची पाइप. तिथे नळासाठी ‘२० × १५’ मागावं लागतं. एकच २०, पण पाइपची जात बदलली की अर्थ बदलतो.

आणखी एक फसवी जोडी आहे. पाऊण इंची सीपीव्हीसी पाइपचा बाहेरचा व्यास २२.२ मिमी आणि अर्धा इंची यूपीव्हीसीचा २१.३ मिमी. हातात घेतल्यावर फरक कळत नाही. यूपीव्हीसी पाइप सीपीव्हीसीच्या सॉकेटमध्ये (फिटिंगच्या ज्या तोंडात पाइप शिरतो त्यात) सैल बसतो आणि मग वर भरपूर सोल्युशन (पाइप चिकटवायचा द्रव) ओतून फट बुजवली जाते. असा जोड आज ना उद्या सुटतोच. दोन्हींचं सोल्युशनही वेगळं. यूपीव्हीसीचं सोल्युशन सीपीव्हीसीला लावू नये, गरम पाण्याच्या लाइनला तर अजिबात नाही.

तेव्हा दुकानात नुसतं ‘अर्ध्याचं द्या’ म्हणू नका. पाइपची जात, पाइपचं माप, आट्यांचं माप आणि आटे आत की बाहेर, या चार गोष्टी सांगा. ‘सीपीव्हीसी, २० चा पाइप, अर्ध्याचे आतले आटे, ब्रास एल्बो’ (पितळी आट्यांचं काटकोनी फिटिंग) एवढं म्हटलं की दुसरा प्रश्न येत नाही.

प्रश्न : बाथरूममध्ये सीपीव्हीसीची लाइन आहे. नळासाठी प्लास्टिकचंच आतल्या आट्यांचं फिटिंग लावलं होतं. बसवलं तेव्हा थेंबही गळत नव्हता. तीन आठवड्यांनी भिंतीला ओल आली. उकरलं तर फिटिंगला उभी चीर. जास्त आवळलं गेलं का?

आवळलं जरा जास्त असेलही, पण मूळ चूक फिटिंगच्या निवडीत आहे. पितळी नळाचे आटे प्लास्टिकच्या तोंडात आवळताना पाचरीसारखं काम करतात. आट्यांवर गुंडाळलेला टेप जाड असेल तर ही पाचर आणखी फुगते. त्या तोंडाच्या कडीवर चारी बाजूंनी ताण बसतो. प्लास्टिक लगेच तुटत नाही, ताण सोसत राहतं आणि काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी साच्याच्या जोडरेषेवर उभं उकलतं. पहिल्या दिवशी पाणी गळलं नाही, यावरून जोड बरोबर झाला असं समजू नये.

नियम सोपा आहे : धातूचे बाहेरचे आटे प्लास्टिकच्या आतल्या आट्यांत घालायचे नाहीत. उलटं चालतं. प्लास्टिकचे बाहेरचे आटे धातूच्या तोंडात गेले तर धातूची कडी ताण घेते. पण नळाला जवळजवळ नेहमी बाहेरचेच आटे असतात, म्हणून भिंतीतलं तोंड पितळी हवं. त्यासाठी प्लास्टिकच्या अंगात पितळी आटे बसवलेली फिटिंग मिळतात : ब्रास एफटीए (सरळ), ब्रास एल्बो (काटकोनी) आणि ब्रास टी. एफटीए म्हणजे आतले आटे, एमटीए म्हणजे बाहेरचे. गरम पाण्याच्या लाइनला तर दोन्हीकडे पितळच घ्या. प्लास्टिकचे आटे तापून फुगतात, निवून आकसतात आणि काही महिन्यांत ढिले पडतात.

सरळ एफटीए आणि ब्रास एल्बो यांपैकी भिंतीतल्या नळासाठी एल्बोच घ्यावा, असं आमचं मत. नळ आवळताना फिटिंगही त्याच्याबरोबर फिरायला बघतं. सरळ एफटीए पाइपच्याच रेषेत असल्याने तो सगळा पीळ सोल्युशनच्या जोडावर जातो. एल्बोचा पाइप काटकोनात निघतो, तो भिंतीत दाबलेला असतो, त्यामुळे एल्बो फिरत नाही. मागे पत्री असलेला, स्क्रूने भिंतीला धरता येणारा एल्बो मिळाला तर सोन्याहून पिवळं.

बसवताना क्रम असा ठेवा. पाइप काटकोनात कापा, कापल्यावर आतबाहेर राहिलेले कंगोरे काढा, टोकाची कड किंचित उतरवा. कोरडाच सॉकेटमध्ये घालून पाहा. तो सॉकेटच्या खोलीच्या एक तृतीयांश ते दोन तृतीयांश इतकाच सहज जायला हवा. पूर्ण आत घसरला तर माप सैल आहे. सोल्युशनचा पाइपवर भरपूर आणि सॉकेटमध्ये पातळ थर द्या. सॉकेटमध्ये जास्त लावलं तर ते आत ढकललं जाऊन पाण्याची वाट अडवतं किंवा पितळी आट्यांवर येऊन बसतं. पाव फेरा फिरवत पाइप तळापर्यंत ढकला आणि अर्धा मिनिट धरून ठेवा, नाहीतर तो हळूच मागे सरकतो. पाणी सोडण्याआधी चोवीस तास द्या.

खोलीचा हिशोब गिलाव्याच्या आधीच करायचा असतो. उघड्या विटेवर पुढे गिलावा येणार, त्यावर फरशीचा चिकटा आणि वर फरशी. गिलावा १५, चिकटा ५ आणि फरशी ८ मिमी धरली तर एल्बोचं तोंड विटेच्या पुढे साधारण २८ मिमी यायला हवं, म्हणजे ते फरशीच्या पृष्ठाशी सपाट येईल. एखाद-दोन मिमी आत चालेल, बाहेर नको. बाहेर आलं तर नळाची फ्लँज (मुळाशी असलेली गोल चकती) भिंतीला टेकत नाही आणि ती फट कायम डोळ्यांना खुपते. नळ लागेपर्यंत तोंडात प्लग ठेवा. सिमेंटचा एक खडा आट्यांत अडकला तरी नळ तिरका चढतो.

गरम-थंड मिक्सर लावायचा असेल तर दोन एल्बोंच्या मध्यांतलं अंतर १५० मिमी ठेवा आणि दोन्ही एका पातळीत आहेत का ते लेव्हल लावून बघा. मिक्सरसोबत येणारे वाकडे पाय दहा-पंधरा मिमीची चूक सांभाळून घेतात, पण एक तोंड आत आणि एक बाहेर असेल तर त्यांचाही इलाज चालत नाही.

प्रश्न : टेप नेमका किती गुंडाळायचा? आमचा नळ घट्ट झाला की तोटी बाजूला तोंड करते. खाली आणण्यासाठी थोडा मागे फिरवला की गळतो.

गळणारच. टेप दाबला जाऊन आट्यांच्या खाचांत भरतो आणि पाणी अडवतो. मागे फिरवलं की दाबलेला टेप पुन्हा फुगत नाही, तिथे वाट राहते. तागाचा दोरा आणि सफेदा लावलेला जोड थोडा मागे घेतलेला चालतो, कारण ताग पाण्याने फुगतो. पण तेलात कालवलेला सफेदा सीपीव्हीसीपासून दूर ठेवा, तेलाने त्या प्लास्टिकला चिरा जातात. आट्यांसाठी मिळणारा द्रव सीलंट धातूला धातू जोडतानाच वापरावा.

तोटीची दिशा टेपच्या फेऱ्यांनीच जुळवायची. आधी नळ टेपशिवाय हाताने चढवून पाहा. किती फेरे जातो आणि थांबतो तेव्हा तोटी कुठे असते, ते लक्षात ठेवा. अर्ध्या आणि पाऊण इंचात एका फेऱ्याला नळ १.८ मिमी आत जातो, म्हणजे अर्ध्या फेऱ्याला ०.९ मिमी. नेहमीचा पातळ टेप आठ ते दहा वेढे गुंडाळून सुरुवात करा. तोटी खाली यायला अर्धा फेरा असतानाच पाना जड लागायला हवा. आधीच जड झाला तर नळ पूर्ण काढा, सगळा टेप खरवडून टाका आणि नवा टेप दोन-तीन वेढे कमी गुंडाळा. खाली येऊनही हलका फिरत असेल तर दोन-तीन वेढे वाढवा. जुन्यावर नवा टेप चढवू नका. जाड टेपचे वेढे निम्मे पुरतात.

वेढ्यांची दिशाही तितकीच महत्त्वाची. आट्यांचं तोंड आपल्याकडे धरा आणि टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, ताणून गुंडाळा. उलटा गुंडाळला तर नळ चढवताना तो मागे गोळा होऊन फ्लँजजवळ दाढीसारखा लोंबतो. पहिला आटा मोकळा ठेवा. त्यामुळे नळ सरळ धरतो आणि टेपचे तुकडे आत जाऊन जाळीत अडकत नाहीत. पहिले दोन फेरे हातानेच द्या. दुसऱ्याच फेऱ्याला पाना लागत असेल तर आटे तिरके चढले आहेत. तिथेच थांबा.

आवळताना तोटीचा दांड्यासारखा वापर करू नका. नळाच्या अंगावर चपटी बाजू असते तिथे कापड ठेवून पाना लावा.

प्रश्न : बेसिनखालच्या कनेक्शन पाइपच्या नटाला दहा वेढे टेप लावला तरी थेंब थांबत नाही. अजून लावू का?

सगळाच काढून टाका. त्या जोडाला टेप लागतच नाही.

नळाच्या जोडात पाणी अडवण्याच्या दोन जागा असतात : एक आटे आणि दुसरी वॉशर. अँगल कॉक (बेसिनखाली भिंतीत बसवलेला छोटा कॉक) भिंतीत चढतो तो जोड आट्यांचा, तिथे टेप हवा. त्याच अँगल कॉकच्या दुसऱ्या टोकावर कनेक्शन पाइपचा नट बसतो, तो जोड वॉशरचा. नटाचे आटे फक्त ओढून धरतात, पाणी अडवतो तो नटाच्या आतला रबरी वॉशर, कॉकच्या सपाट तोंडावर दाबला जाऊन. त्या आट्यांवर टेप गुंडाळला की नट टेपमुळेच घट्ट लागतो. हाताला वाटतं झालं, आणि वॉशर अजून तोंडाला टेकलेलाच नसतो. म्हणजे टेप जितका वाढवाल तितकी गळती पक्की.

टेप काढल्यावर तीन गोष्टी बघा. जुना वॉशर तोंडाला चिकटून राहिलाय का? एकावर एक दोन वॉशर बसले की गळतं. कॉकच्या तोंडाची कड ठेचलेली आहे का? आणि पाइप तिरका ओढला जाऊन नट वाकडा बसतोय का? पाइप आखूड असेल तर हे तिसरं कारण हमखास निघतं. ४५० मिमीचा ताणून लावण्यापेक्षा ६०० मिमीचा घ्या आणि सावकाश वळण द्या, पीळ नको. नट हाताने घट्ट करून पान्याने पाव ते अर्धा फेरा पुरतो. त्याहून जास्त आवळलं तर वॉशर चिरडून बाहेर येतो.

एका दांड्याच्या मिक्सरला खालून दोन बारीक नळ्या जोडतात. त्यांचे आटे बहुतेक १० मिमीचे असतात आणि तिथे ओ-रिंग (बारीक रबरी कडी) पाणी अडवते. त्या हातानेच आवळायच्या. दोन्ही नळ्यांच्या माना मुद्दाम वेगवेगळ्या लांबीच्या असतात. आधी आखूड मानेची लावा, मग लांब मानेची, नाहीतर दुसरी फिरवायला जागा उरत नाही.

थेंब नटाखाली दिसतो म्हणून दोष नटाचाच, असं धरून चालू नका. पाणी वरून ओघळत येतं. सगळं कोरडं पुसून टिशूचा कोपरा वरच्या जोडापासून एकेका जोडाला लावत खाली या. जिथे तो पहिल्यांदा भिजेल, तो जोड सोडवा.

प्रश्न : फरशी बसल्यावर तोंड भिंतीत दोन-अडीच सेंटिमीटर आत गेलंय. दोन छोटे एक्स्टेन्शन निपल (तोंड पुढे आणणारे आट्यांचे नळीचे तुकडे) एकापुढे एक लावले तर चालेल का?

चालतं, पण करू नका. प्रत्येक जास्तीचा जोड म्हणजे गळायला आणखी एक जागा, आणि हा जोड भिंतीच्या आत असल्याने गळती दिसते तेव्हा ओल पलीकडच्या खोलीत पोचलेली असते. फरशीच्या पृष्ठापासून पहिल्या आट्यापर्यंतची खोली पट्टीने मोजा आणि तेवढ्या लांबीचा एकच निपल आणा. लांबी आट्यांसकट सांगितलीय की आटे सोडून, हे विचारा. आतल्या तोंडात किमान पाच फेरे जायला हवेत. निपल बसवल्यावर प्लग लावा, पाणी सोडा, एक दिवस कोरडं राहिलं तरच फ्लँज आणि नळ लावा.

प्रश्न : जुन्या लोखंडी लाइनला पितळी नळ आहे. मधला लोखंडी निपल दर काही वर्षांनी गंजून गळतो. प्लास्टिकचा लावू का?

पितळ आणि लोखंड पाण्यात एकत्र आले की त्या जोडीत लोखंड आधी झिजतं. निपल दोन्हीकडून पितळात अडकलेला असेल, उदाहरणार्थ एका बाजूला पितळी नळ आणि दुसऱ्या बाजूला पितळी व्हॉल्व्ह, तर त्याचे आटे तोंडाजवळच पातळ होत जातात. पितळी किंवा स्टेनलेसचा निपल घ्या. प्लास्टिकचा निपल नळाचं वजन आणि रोजचे हिसके फार दिवस सोसत नाही, आट्यांच्या मुळाशी तुटतो. मग तुटका आटा तोंडातच राहतो आणि तो करवतीच्या पात्याने खाच पाडून, चिमट्याने आत मुडपून काढत बसावं लागतं.

जुना निपल काढताना दोन पाने लागतील, एकाने एल्बो धरायचा आणि दुसऱ्याने निपल फिरवायचा. एकाच पान्याने जोर लावला तर निपल जागचा हलत नाही आणि भिंतीतला गंजका जोड सुटतो. आटे तारेच्या ब्रशने घासून घ्या. अशा खरखरीत आट्यांना टेपपेक्षा ताग आणि सफेदा चांगला लागू पडतो. दोन्ही टोकं अडकलेली लाइन मध्ये जोडायची असेल तर युनियनशिवाय (मधोमध सोडवता-जोडता येणाऱ्या फिटिंगशिवाय) गत्यंतर नाही : एका बाजूने आवळाल तर दुसरी ढिली होते.

प्रश्न : परदेशातून आणलेला नळ अर्ध्या इंचाचाच आहे. तीन-चार फेरे नीट जातो, पुढे अडतो. टेप वाढवला तरी पाझरतो.

तो बहुधा अमेरिकी आट्यांचा आहे. अर्ध्या आणि पाऊण इंचात दोन्ही पद्धतींत इंचाला १४ आटेच असतात, म्हणून सुरुवातीला ते गुमान चढतात. पण अमेरिकी (एनपीटी) आट्याचा कोन ६० अंशांचा आणि आपल्याकडच्या ब्रिटिश पद्धतीच्या (बीएसपी) आट्याचा ५५ अंशांचा, शिवाय अमेरिकी अर्ध्याचा व्यास थोडा जास्त, २१.३ मिमी. आटे एकमेकांत पूर्ण बसत नाहीत, बारीक नळीसारखी वाट राहते आणि टेप ती भरू शकत नाही. जोर लावला तर भिंतीतल्या फिटिंगचे आटे मारले जातील. एका बाजूला एनपीटी आणि दुसऱ्या बाजूला बीएसपी आटे असलेला पितळी अडॅप्टर मिळतो, तो मध्ये घाला.

प्रश्न : बेसिनच्या नळाला वॉशिंग मशिनचा पाइप लावता येईल का?

मशिनच्या पाइपचा नट सहसा पाऊण इंचाचा असतो. बेसिनच्या नळाच्या टोकाला जाळीसाठी बारीक आटे असतात : आतले असतील तर बहुतेक २४ मिमी, बाहेरचे असतील तर २२ मिमी. जाळी काढून त्या मापाचा, दुसऱ्या टोकाला पाऊण इंचाचे बाहेरचे आटे असलेला अडॅप्टर लावावा लागेल. हा जोड वॉशरचा, टेप नको. पण मशिन पाणी एकदम तोडतं तेव्हा पाइपला झटका बसतो आणि बेसिनची लांब मान त्यासाठी केलेली नसते. बेसिनखालच्या अँगल कॉकच्या जागी टू-वे कॉक लावून त्याचं दुसरं तोंड मशिनला द्या. पाइप पाऊण इंचाचा असल्याने त्या तोंडाचे आटे पाऊण इंचाचे आहेत ना, ते घेतानाच बघा.